जरूशामावशीचं कांबळं

अर्धी वाट सरली तरी जरूशामावशी ओझं बदलू देईना. कापडाची गुंडाळी तिनं लहान मूल घ्यावं तशी डाव्या खांद्यावर टाकली होती. लॉईसनं हात पुढं केला की ती नुसती मान हलवायची.

"तू आपली टोपी वीण," म्हणायची.

लॉईस टोपी विणतच चालली होती. ताडाची पानं कमरेच्या पिशवीत, हातात अर्धी झालेली टोपी, आणि बोटं आपली आपण चाललेली. डोंगरातल्या बायका त्या दिवसांत अशाच चालायच्या. दुकानदार पानं द्यायचा, टोप्या घ्यायचा, आणि बदल्यात मीठ, काकवी, चहा द्यायचा. नवरा गेल्यापासून लॉईसचं घर त्या टोप्यांवरच चाललं होतं.

एप्रिल लागला होता. मेपलचा रस आटवून झाला होता आणि न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात चिखलाशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं. पाइनच्या झाडांखाली बर्फाचे मळके तुकडे पडून होते. दरीत धुकं भरलं होतं. शेतांची दगडी कुंपणं त्यातून वर यायची, पुन्हा बुडायची, गुरं नदीतून पोहत चालल्यासारखी. आपण चालतोय की वाटच आपल्या पायाखालून वाहतेय, हे लॉईसला मधूनमधून कळेनासं व्हायचं.

"मावशी, परवा सकाळी नक्की निघणार का अक्सा?"

"परवा सकाळच्या घोडागाडीनं. मग कालव्याची बोट, मग समुद्राएवढी तळी, मग इलिनॉय." मावशी नावं एकेक करून ठेवत गेली, ताटं मांडावीत तशी. "तिथं झाडं नाहीत म्हणे. नुसतं गवत, आणि त्याच्यावरून वारा."

अक्सा म्हणजे मावशीची धाकटी लेक. खाली कोबर्नच्या कापड गिरणीत ती कामाला होती. आता लग्न करून नवऱ्यामागं पश्चिमेला चालली होती. नवरा आधीच पुढं गेला होता. गेलेलं माणूस तिकडून परत आल्याचं डोंगरात कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून मावशीनं हिवाळाभर बसून तिच्यासाठी हे कांबळं विणलं होतं. लोकर स्वतःच्या मेंढ्यांची, सूत स्वतःचं, रंग अक्रोडाच्या सालीचा. विणून झालं होतं, पण अजून ते कांबळं नव्हतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड म्हणजे चाळण. त्याला साबणाच्या पाण्यात कुटावं लागतं, तेव्हा लोकर लोकरीला धरते आणि वारा अडतो. त्यासाठी ओढ्यावर अमोस गिलचं कुटाईघर होतं. तिथं पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे चालायचे. आज गिलकडं कुटून घ्यायचं, रात्री वाळवायचं, उद्या कोबर्नला न्यायचं, असा बेत होता.

"हे झालं की मागाचं काय?" लॉईसनं विचारलं.

"ईबनला तिथं बटाटे ठेवायचेत." ईबन मावशीचा मुलगा. "म्हणतो, आई, एवढा लाकूडफाटा घरात उभा करून ठेवलायस. खरं बोलतो. माझ्या डोळ्यांना आता धाग्यांच्या दशा दिसत नाहीत."

पुढच्या वळणावर गिलचा ओढा होता. पण ओढ्याचा आवाज येईना.

कुटाईघराचं चाक शेवाळून हिरवं पडून उभं होतं. त्याच्या पात्यांत वाळकी पानं साठली होती. ओढ्यात दगड उघडे होते आणि दगडांमधून बोटभर पाणी चोरट्यासारखं सरकत होतं. दाराशी गिल बसला होता. हातात काम नाही, तोंडात पाइप नाही.

"अमोस, ओढा कुठं गेला रे?" मावशीनं विचारलं, जसं शेजाऱ्याला गाय कुठं गेली म्हणून विचारावं.

"विकला, जरूशा."

"विकला?"

"पाणी विकता येतं हे मलाही ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात वकील आला. म्हणाला, जमीन तुझीच राहील, घर तुझंच राहील, फक्त पाणी आमचं. वर धरण बांधलंय त्यांनी. उन्हाळ्यात नदी आटली की हे पाणी सोडायचं, खालच्या गिरण्यांसाठी." त्यानं पाय पसरले. "चाळीस वर्षं त्या आवाजात झोपलो. आता झोपच येत नाही."

लॉईसनं मावशीकडं पाहिलं. मावशी चाकाकडं पाहत होती. तिच्या ओठांची हालचाल झाली. ती प्रार्थना होती की गिलला घातलेली शिवी, लॉईसला सांगता आलं नसतं.

"हातानं कुटून देशील?"

"एकट्यानं? आठवडा लागेल. परवा जाते ना पोरगी?"

"हं."

"मग तसंच दे तिला. तिथं इलिनॉयला कुणीतरी..."

"तिथं गवत आहे, अमोस," मावशी म्हणाली आणि गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेतली. परतीच्या वाटेला न लागता ती खालच्या वाटेला लागली.

"मावशी, कुठं?"

"कोबर्नला. जिथं पाणी गेलं तिथं."

लॉईसला मागं फिरता आलं असतं. घरी कोंबड्या होत्या आणि दुकानदाराला टोप्या द्यायच्या होत्या. पण म्हातारीला एकटीला कसं सोडायचं? शेजारणीला सांगून ठेवलेलंच होतं की उशीर झाला तर कोंबड्या कोंड. लॉईस मागोमाग निघाली.

दुपारभर त्या उतरत राहिल्या. मक्याची पोळी आणि थंड बीन्स एका कुंपणावर बसून खाल्ले. मावशी बोलू लागली की उतार सोपा वाटायचा, म्हणून लॉईस तिला बोलतं ठेवायची.

मावशीच्या आईच्या लहानपणी कापड समुद्रापलीकडून, इंग्लंडच्या राजाच्या देशातून यायचं. मग राजाशी वाकडं आलं आणि बायकांनी ठरवलं, त्याचं कापड अंगाला लावायचं नाही. पाळकाच्या अंगणात गावच्या सगळ्या मुली चरखे घेऊन बसल्या, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. सूत जाड, कापड खरखरीत, पण ते घालून चर्चमध्ये जाताना मान ताठ असायची. मावशीचा माग त्या वेळचा. त्याच्या धागे ओवायच्या फणीत आईनं भरलेल्या धाग्यांची मांडणी कधी मोडलीच नव्हती. एक कापड विणून झालं की ते कापून घ्यायचं, पण धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवायची, आणि नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एकेक धागा त्या दशांना गाठीनं सांधायचा. आईच्या धाग्याला मावशीचा, त्याला पुन्हा मावशीचा. साठ वर्षांत सूत किती बदललं, पण गाठ तुटली नव्हती.

पुढं खाली पहिल्या गिरण्या आल्या. त्या नुसतं सूत काढायच्या. एक गाडी ते सूत डोंगरात घरोघर टाकून जायची आणि विणलेलं कापड घेऊन जायची. तेव्हा डोंगरात कुठल्याही वाटेनं चाला, घराघरातून मागाचा ठोका ऐकू यायचा. धुक्यात वाट चुकली तर माणसं त्या ठोक्यावरून घर ओळखायची. हा टटलांचा, हा फिस्कांचा. मग गिरणीनं स्वतःचे माग बसवले. गाडी यायची थांबली. एकेक घर गप्प होत गेलं. आणि ज्या वाटेनं गाडी गेली होती त्याच वाटेनं मुली जाऊ लागल्या.

"अक्सा गेली तेव्हा ओरडले नाही मी," मावशी म्हणाली. "तिनं तिथं कमावलं, म्हणून ईबनला गहाण शेत सोडवता आलं. मी कुठल्या तोंडानं ओरडणार?"

संध्याकाळी त्या शेवटच्या टेकडीवर आल्या तेव्हा धुकं उठलं होतं. खाली गिरण्या उभ्या होत्या, विटांच्या, लांबच लांब, प्रत्येक खिडकीत दिवा. आणि त्यांच्या पायथ्याशी नदी. नदी एवढी चढली होती की सगळे दिवे पाण्यातही लागले होते, आणि वरची गिरणी कुठली, खालची कुठली, समजत नव्हतं.

"देवा," लॉईस म्हणाली.

"सगळ्या ओढ्यांकाठची झोप इथं वाहून आलीय," मावशी म्हणाली.

मुलींच्या राहण्याचं घर पेटिंगिलबाई चालवायच्या. दार उघडून त्यांनी दोघींचे चिखलानं माखलेले पाय पाहिले. "आत या, पण तेवढं बाहेर ठेवा," त्या म्हणाल्या, आणि मग अक्साला हाक मारली.

अक्सा जिन्यावरून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. तिचा झगा छापील सुती होता, केस शहरातल्यासारखे गुंडाळलेले. ती मोठ्यानं बोलायची. तिथल्या सगळ्याच मुली मोठ्यानं बोलायच्या आणि समोरच्याच्या ओठांकडं बघायच्या. दिवसभर मागांच्या गोंगाटात दुसरा इलाज नव्हता.

"आई, एवढं चालत? मी येणारच होते वाटेत भेटायला."

"वाट तिकडून जात नाही तुझी."

अक्सानं गुंडाळी उलगडली, दिव्यापाशी धरली. दिवा त्यातून आरपार दिसला. कापड विरळ, आणि धाग्यांमधून उजेड गळत होता.

"कुटलेलं नाही," ती हळूच म्हणाली. डोंगरातली मुलगी, तिला सांगावं लागलं नाही.

लॉईसनं गिलची हकीकत सांगितली. अक्सा ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, दुकानात जाड ब्लँकेट मिळतं. मी एक घेतलंयही. तू हे घरी ने, तुझ्या पायांवर घाल."

तिनं प्रेमानंच म्हटलं होतं. पण मावशीनं कापडाची घडी घालायला सुरुवात केली. ती एवढी सावकाश घालत होती की पेटिंगिलबाईंनी उगाच चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"पूर्वी गिल नव्हता तेव्हा पायांनी तुडवायचे," मावशी घडीशीच बोलल्यासारखं म्हणाली. "सगळं गाव यायचं."

"इथं कुठलं गाव, आई? पहाटे घंटा, दिवे लागल्यावर सुट्टी. मुली जेवताना झोपतात."

मावशीनं रात्री गुडघ्यावर बसून नेहमीची प्रार्थना केली. लॉईसही शेजारी बसली. लॉईसनं मागायचं ते मागितलं. मावशीनं काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही.

सकाळी लॉईसला जाग आली ती शांततेनं. उजेड झाला होता. घंटा झाली नव्हती. शेजारच्या पलंगांवर मुली डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. सवयीनं जाग आलेली, पण उठायचं कशासाठी ते माहीत नाही, अशा. खालून पाण्याचा एकसारखा दबका आवाज येत होता.

तेवढ्यात पर्सिस नावाची एक उंच मुलगी खिडकीतून ओरडली, "चाकं बुडाली!"

नदी इतकी चढली होती की गिरणीतून बाहेर पडणारं पाणी मागंच तुंबलं. चाकाची पाती पाण्यात अडकली आणि चाक फिरेना. पाणी कमी झालं की गिरणी थांबते, हे लॉईसला समजत होतं. जास्त झालं तरी थांबते, हे तिनं नवीनच ऐकलं.

"म्हणजे आज सुट्टी?" ती म्हणाली.

"नदी उतरेपर्यंत," अक्सा म्हणाली, आणि आईकडं पाहिलं. मावशी केव्हाच उठून, टोपी बांधून, खुर्चीवर बसली होती. मांडीवर गुंडाळी.

"पेटिंगिलबाई," मावशी म्हणाली, "तुमच्याकडं मऊ साबण किती आहे?"

"भांड्यांना लागतो तो!"

"सगळा नको. अर्धं पिंप."

"अर्धं पिंप! आणि हे पाणी कुणी तापवायचं? आणि माझी फरशी?"

"फरशी तर अशी निघेल बाई, की पाळकाला जेवायला बोलवाल."

पेटिंगिलबाई पुटपुटत राहिल्या, पण मोठी कढई त्यांनीच चुलीवर चढवली.

स्वयंपाकघर रिकामं केलं. खुर्च्या गोल मांडल्या, त्यांच्या पाठीला दोर बांधून एकमेकींना जखडल्या, नाहीतर लाथ मारताना माणूसच मागं जातं. मधोमध फरशीवरच ऊन साबणाचं पाणी ओतून त्यात कांबळं सोडलं. मुलींनी बूट काढले, मोजे काढले, झगे गुडघ्यापर्यंत खोचले. मग सगळ्याजणी आपापल्या पायांकडं पाहून लाजल्या. हिवाळाभर उजेड न पाहिलेले पाय, पिठासारखे पांढरे.

"आमच्या वेळी यात मुलगेही असायचे," मावशी म्हणाली. "पोरं वर्षातून एकदा पाय धुवायची, आणि ते याच दिवशी."

"मग रंग कुणाचा चढायचा मावशी, अक्रोडाचा की त्यांचा?" पर्सिस ओरडली.

"काही कांबळ्यांत अजून वास येतो. लग्नं झाली त्यांची."

हसू फुटलं, आणि तुडवणं सुरू झालं. समोरासमोरचे पाय मधल्या ढिगाला रेटायचे, ढीग फिरायचा, पाणी उडायचं. काचांवर वाफ धरली. बाहेरची नदी दिसेनाशी झाली, फक्त ऐकू येत राहिली. लॉईसला वाटलं, आपण सगळ्याजणी एका मोठ्या ऊन ढगात बसलोय आणि खाली गाव कुठंतरी वाहून जातंय.

बऱ्याच वेळानं मावशीनं हात वर केला. खाली वाकून कापडाची कड उचलली, चिमटीत धरून पाहिली. तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" अक्सानं विचारलं.

कापड धरू लागलं होतं, पण एकसारखं नाही. मधून मधून आडव्या घड्या उमटल्या होत्या, दाबून बसलेल्या, आणि घड्यांच्या मधला भाग तसाच सैल. अशी घडी लोकरीत एकदा पक्की बसली की निघत नाही. पुढं तिथंच कापड फाटतं.

"ऐका," मावशी म्हणाली. "पुन्हा तुडवा. मी बघते."

त्या तुडवू लागल्या, आणि मग लॉईसलाही ऐकू आलं. ठप, ठप, ठप. सगळ्यांचे पाय एकदम पडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं मागाच्या ठोक्यात उभ्या राहिलेल्या मुली. ठोका त्यांच्या पायांतच राहिला होता. दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी रेटा बसायचा आणि कापड त्याच त्याच जागी चिमटायचं.

"वेगवेगळे टाका पाय," मावशी म्हणाली.

मुलींनी प्रयत्न केला. क्षणभर पाय फुटले आणि पुन्हा जुळले. "मी मुद्दाम चुकवतेय," एक म्हणाली, आणि चुकवता चुकवता तिचंही शेजारणीशी जुळलं. पर्सिसनं डोळे मिटून पाहिलं. डोळे मिटल्यावर तर ठोका आणखी पक्का झाला.

"जमत नाही मावशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज प्रथमच लहान झाला. "आम्हाला आता असंच येतं."

पाणी निवत चाललं होतं. अक्सा ओठ चावून बसली होती. काल दुकानातल्या ब्लँकेटचं सांगणारी अक्सा आता त्या ढिगाकडं असं पाहत होती, जसं आजारी माणसाकडं पाहावं.

मावशीनं आपले बूट काढले. मोजे काढले. रिकाम्या खुर्चीवर, बरोब्बर अक्साच्या समोर, बसली. पाण्यात पाय सोडला आणि म्हणाली, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी मेंढा पलंगावर झोपलाय का?"

मुली तिच्या ओठांकडं बघू लागल्या.

"तुडवत राहा, थांबू नका. तर या अक्साचा बाप, सायलस. त्या वर्षी सगळ्या डोंगराला स्पेनच्या मेंढ्याचं वेड लागलेलं. अशी लोकर, तशी लोकर. सायलसनं काय करावं? दोन बैल दिले आणि एक मेंढा आणला. नाव ठेवलं गव्हर्नर. हिवाळा कडक. गोठ्यात गव्हर्नरला सर्दी होईल म्हणून स्वयंपाकघरात आणला. स्वयंपाकघरात धूर लागतो म्हणून माजघरात. मी म्हटलं, सायलस, आता राहिलं काय? एका रात्री जाग आली, बघते तर शेजारी ऊबदार, केसाळ, घोरतंय. मी म्हटलं, दाढी कधी वाढवली यानं?"

पर्सिस फिस्सकन हसली आणि तिचा पाय भलतीकडंच गेला.

"आणि सायलस कुठं?" पेटिंगिलबाईंनी विचारलं. त्यांनीही केव्हा मोजे काढले ते कुणी पाहिलं नव्हतं.

"सायलस गोठ्यात. रिकामी जागा कशाला वाया घालवायची म्हणाला."

आता मुली खुर्चीत मागं पुढं व्हायला लागल्या. एकीला हसताना पायच उचलेना, दुसरीचे दोन्ही एकदम आपटले.

"मग चर्चमध्ये वडीलमंडळी आली विचारायला," मावशी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "सायलस टटल, खरं का की तुझ्या घरात मेंढा गादीवर झोपतो? आणि सायलस उभा राहिला आणि म्हणाला..."

ती थांबली. तिनं समोर पाहिलं.

अक्साच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसण्याचं की कशाचं. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट. बापाचा आवाज काढून ती म्हणाली, "होय बंधूंनो, पण प्रार्थना न करता नाही!"

घर दणाणलं. दोर ताणले, खुर्च्या करकरल्या, पाय कसेही पडू लागले, वाकडे, तिरके, एकमेकींवर. ठोका मोडला. ढीग गरगरा फिरू लागला. आणि त्या सगळ्या गोंधळात मावशीच्या तळपायाला कापडाच्या पलीकडून एक तळपाय लागला. तिनं मान वर केली नाही. तिनं नुसतं रेटलं. पलीकडून उलटा रेटा आला. लॉईसला ते दिसलं, कारण ती शेजारीच होती. आई आणि लेक कांबळ्याच्या दोन्ही बाजूंनी पाय लावून बसल्या होत्या, आणि मधली लोकर हळूहळू घट्ट होत होती.

पुढं किती वेळ गेला, कुणालाच सांगता आलं नाही. एक गोष्ट संपली की दुसरी निघे. कधी हसू, कधी नुसतीच वाफ. शेवटी मावशीनं कापड उचलून दिव्यापुढं धरलं. दिवा दिसला नाही.

दुपारी कांबळं धुऊन अंगणाच्या कुंपणावर खिळ्यांना ताणून लावलं. वारा कोरडा होता. ते आता लहान झालं होतं, जाड, मऊ, तपकिरी. पर्सिस त्याच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.

"रोज चार माग चालवते मी," ती म्हणाली. "पण कापडाला असा हात कधी लागतच नाही. झालं की गुंडाळलं, गेलं."

"जातं कुठं?" मावशीनं विचारलं.

"आमचं जाडंभरडं असतं. दक्षिणेत जातं. गुलामांच्या अंगावर."

"आणि कापूस कुठला?"

"तिथलाच. तेच वेचतात."

मावशीनं एक खिळा पुन्हा ताणून बसवला. पर्सिस म्हणाली, "कधी कधी गठ्ठ्यात बोंडाचं टरफल निघतं. आम्ही बघतो आणि टाकून देतो."

लॉईसच्या हातात टोपी होती. दुकानदार एकदा बोलता बोलता म्हणाला होता की या टोप्यांची पेटीही दक्षिणेच्या बोटीवर चढते, तिथल्या मळ्यांवर घालायला. तिनं तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं होतं. आता तिची बोटं थांबली. वारा आला, कांबळं कुंपणावर हललं, आणि तिनं टोपी पिशवीत ठेवली.

दुसऱ्या सकाळी नदी उतरू लागली होती. गाडीपाशी अक्सा आली ती कांबळं अंगावर घेऊनच. आत दुकानातलं ब्लँकेट पेटीत होतं. तिनं आईला धरलं, बराच वेळ, आणि आईनं कांबळ्याची कड तिच्या गळ्याशी अशी खोचली, जशी पाळण्यातल्या मुलाची खोचतात.

"देव तुझ्याबरोबर चालो," मावशी म्हणाली.

गाडी सुटता सुटता पर्सिस धावत आली. कानांनी कमी ऐकू येणारी ती, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "मावशी, आणखी एक आहे का असं? मला घरी जायचंय कधीतरी. अंगावर काहीतरी आपलं घेऊन जायचंय!"

मावशीचे डोळे गाडीवर होते. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याच क्षणी घंटा झाली, गिरणीची चाकं हलली, आणि सगळं गाव खालून थरथरू लागलं. पर्सिस परत पळाली.

परतीच्या वाटेवर मावशी पुढं चालली होती. खांदा रिकामा, तरी तो ती जरा उचलूनच चालत होती, सवयीनं. धुकं पुन्हा उतरलं होतं. लॉईसही काही विणत नव्हती. गिलच्या कोरड्या ओढ्यापाशी दोघी दगडावर बसल्या. गिल आत असावा. दार लोटलेलं होतं.

"ईबन आज माग काढणार होता ना?" लॉईसनं विचारलं.

"दशा मी फणीतच ठेवून आलेय."

"का गं? शेवटचं म्हणालीस ना?"

"शेवटचं म्हणून कापलं. पण हात दशा काढायला धजेना." मावशीनं पाण्याच्या त्या बारीक धारेत बोट बुडवलं. "लोकर आहे थोडी, त्या उंच पोरीपुरती. सूतही होईल. पण सांधायला डोळे नाहीत मला. एकेक दशी, एकेक गाठ."

लॉईस पिशवीतल्या पानांवर हात ठेवून बसली होती.

"टोप्या कुठं जातात ते मलाही ठाऊक आहे. त्या सोड असं म्हणत नाही मी," मावशी म्हणाली. "पोट आहे तुला. आणि देव पाहतो, कुणाला काय करावं लागतं ते. पण उद्या सकाळी, कोंबड्यांचं झालं की, ये माझ्याकडं, लॉईस. माझ्याशेजारी बाकावर बस. मी धागा हातात देईन, तू गाठ मार."